कंपनीच्या लेखाला संपादक हवा

१९ मार्च २०२४ रोजी गुरुग्रामच्या झोमॅटोने शाकाहारी ग्राहकांसाठी वेगळा ताफा जाहीर केला. या ताफ्यातली मुले हिरव्या कपड्यांत, हिरव्या पेट्या घेऊन येणार होती. दुसऱ्याच दिवशी कंपनीचे संस्थापक दीपिंदर गोयल यांनी हिरवा रंग मागे घेतला आणि सगळे जण लालच कपडे घालतील असे सांगितले. कारणेही त्यांनीच दिली. लाल कपड्यातला माणूस मांसाहारच घेऊन आला असा समज होईल, काही सोसायट्या ठरावीक दिवशी त्याला फाटकावर अडवतील आणि प्रसंग त्याच्या जिवावर बेतू शकेल. शिवाय दारात लाल कपडा दिसला म्हणून काही ग्राहकांना घरमालकाचा जाच होऊ शकेल.

दिल्लीच्या परिसरात भाड्याने राहिलेल्या कुणालाही यातले एकही कारण नवे वाटणार नाही. खोली दाखवतानाच ‘नॉनव्हेज खाता का?’ असे विचारणारे मालक आणि फाटकातून कुणाला सोडायचे याचे स्वतःचे कायदे करणाऱ्या रहिवासी संघटना, ज्यांना इथे सगळे आरडब्ल्यूए म्हणतात, या लक्ष्मीनगरपासून नोएडापर्यंत रोजच्या जगण्यातल्या गोष्टी आहेत. जाहीर करण्यापूर्वी तो मजकूर कंपनीत कोणी कोणी वाचला होता, हे बाहेरच्याला कळण्याचा मार्ग नाही. पण एखाद्या डिलिव्हरीवाल्याने किंवा भाडेकरूने पहिल्या वाचनातच विचारला असता असा प्रश्न मजकूर लोकांपुढे गेल्यावर सुटला, एवढे त्या दोन तारखाच सांगतात. त्याच्या दोन वर्षे आधी, मार्च २०२२ मध्ये, याच कंपनीने दहा मिनिटांत जेवण पोहोचवण्याची योजना मांडली होती. तेव्हाही चालकांच्या सुरक्षेवरून टीका झाली आणि दुसऱ्या दिवशी खुलासा करावा लागला.

कंपन्या स्वतःच्या नावाने जे लिहितात, म्हणजे संकेतस्थळावरचे लेख, संस्थापकाची पत्रे, ग्राहकांना सूचना, चुकीबद्दलची निवेदने, त्याचा मसुदा कोण करतो, तो कोण तपासतो आणि ‘आता टाका’ असे शेवटी कोण म्हणतो, हा विषय आपल्याकडे मार्केटिंग विभागाच्या कोपऱ्यातला समजला जातो. मला तो सार्वजनिक जीवनातला विषय वाटतो. गुरुग्रामात झोमॅटो, डेल्हिवरी, पॉलिसीबझार, मेकमायट्रिप आणि नोएडात पेटीएम, इन्फो एज, इंडियामार्ट यांची कार्यालये आहेत. तिथे लिहिलेली चार वाक्ये लातूरच्या विद्यार्थ्याचा आणि नाशिकच्या दुकानदाराचा निर्णय बदलतात. वर्तमानपत्राइतकाच, कधी त्याहून जास्त, वाचक या मजकुराला आहे. वर्तमानपत्राला मात्र संपादक असतो. इथे बहुतेक ठिकाणी तो नाही, आणि माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ तिथे आहे.

वाचक कोण हे आधी ठरले की मजकूर कसा बदलतो, याचा चांगला नमुना दिल्लीतल्या नव्हे तर मुंबईतल्या एका संस्थेने दिला, पण प्रसंग नोएडाचा होता. ३१ जानेवारी २०२४ रोजी रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध घातले. बँक वेगळी, ॲप वेगळे, दुकानातला क्यूआर कोड वेगळा, हा भेद भाजीवाल्याने कशाला जाणावा? त्याला एवढेच हवे होते की उद्या गिऱ्हाइकाने कोड स्कॅन केला तर पैसे येतील का, आणि आलेले काढता येतील का. १६ फेब्रुवारीला रिझर्व्ह बँकेने २९ फेब्रुवारीची मुदत १५ मार्चपर्यंत वाढवली आणि सोबत प्रश्नोत्तरे प्रसिद्ध केली. माझा पगार या खात्यात येतो, काय करू? सरकारी अनुदान येते, त्याचे काय? हप्ता इथून कापला जातो, फास्टॅग इथला आहे, पुढे काय? प्रत्येक प्रश्न खातेदाराच्या तोंडचा होता. असा मजकूर लिहिणाऱ्याने कागदावर पहिली ओळ लिहिण्याआधी वाचणाऱ्यांची यादी केलेली असते. कोणत्याही कंपनीच्या लेखाची सुरुवात या यादीपासून व्हायला हवी.

प्रत्यक्षात ती होते कशी? गुरुग्रामचा उद्योग विहार किंवा नोएडाच्या सेक्टर ६२-६३ मधल्या कन्टेन्टच्या धंद्यात ब्रीफ म्हणून जे हातात पडते, त्यात बहुधा विषय, शोधयंत्रासाठीचे कीवर्ड, शब्दसंख्या आणि डेडलाइन असते. लिहिणारा एखाद्या एजन्सीचा किंवा शब्दामागे पैसे घेणारा फ्रीलान्सर असतो. ज्याला विषय कळतो तो इंजिनिअर, गोदामाचा व्यवस्थापक किंवा विम्याचे दावे हाताळणारी बाई या चित्रात नसते. मग लिहिणारा तरी काय करणार? तो इतर कंपन्यांचे त्याच विषयावरचे लेख वाचतो आणि त्यांचे मिश्रण करतो. त्यामुळे दहा कंपन्यांचे दहा लेख एकाच माणसाने लिहिल्यासारखे दिसतात आणि एकातली चूक दहांत पसरते.

यावरचा उपाय स्वस्त आहे. मसुद्याआधी विषय जाणणाऱ्या माणसाशी अर्धा तास बोलणे, ते बोलणे ध्वनिमुद्रित करणे आणि त्यातून एक तथ्यपत्रक तयार करणे. लेखात येणारा प्रत्येक आकडा, प्रत्येक ‘सर्वांत मोठे’ आणि ‘पहिले’, प्रत्येक ग्राहकाचे मत या पत्रकात एकेका ओळीत यावे, आणि प्रत्येक ओळीपुढे ते कुणी सांगितले, कशावरून, कोणत्या तारखेचे, याची नोंद असावी. मसुदा नंतर कितीही हातांतून गेला तरी हे पत्रक सोबत फिरले पाहिजे. इन्फो एज दर महिन्याला नोकरभरतीचा ‘नोकरी जॉबस्पीक’ हा निर्देशांक काढते. अशा मजकुराची तपासणी तुलनेने सोपी, कारण आकडा घरचा असतो आणि तो काढण्याची रीत ठरलेली असते. जिथे दावा एकदाच करायचा असतो तिथे पत्रक आणखी गरजेचे.

ते नसले तर काय होते, याचे उदाहरण दिल्लीत शोधायला दूर जावे लागत नाही. ओल्ड राजिंदर नगर आणि मुखर्जी नगर इथे दर वर्षी महाराष्ट्रातून शेकडो मुले स्पर्धा परीक्षांसाठी येतात. क्लासचा दावा असतो की यंदाच्या यशस्वी उमेदवारांपैकी इतके आमचे. त्यांतले किती जण वर्षभर शिकले आणि किती जण फक्त मुलाखतीच्या मोफत मार्गदर्शनाला येऊन गेले, हे झाकून ठेवल्याबद्दल दिल्लीच्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अनेक क्लासना दंड केले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी पहिल्यांदा १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी प्राधिकरणाने कोचिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे काढली. यशस्वी उमेदवाराचा फोटो छापायचा तर त्याने कोणता अभ्यासक्रम केला, किती काळ केला, पैसे भरले होते का, हे सांगावे लागते आणि निवड झाल्यानंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते. जमीन विकून, कर्ज काढून पोराला दिल्लीला पाठवणाऱ्या बापाने तो फोटो पाहिलेला असतो. जाहिरात असो की ‘आमच्या विद्यार्थ्याची यशोगाथा’ नावाचा लेख, त्या बापासाठी दोन्ही सारखेच.

आता तपासणीकडे वळू. कंपन्यांत वाचणारे कमी नसतात. उलट ते फार असतात. सामायिक फाइलमध्ये ब्रँडवाला रंग भरतो, उत्पादनवाला वैशिष्ट्ये घुसवतो, मार्केटिंगचा प्रमुख शीर्षक बदलतो, लीगलवाला शेवटच्या दिवशी येऊन दोन परिच्छेद उडवतो आणि संस्थापक रविवारी रात्री सुरुवातच बदलून टाकतो. ही तपासणी हुद्द्याप्रमाणे चढत जाते. प्रत्येक पायरीवरचा माणूस सगळेच वाचतो, सगळ्याबद्दलच मत देतो, आणि ‘खालच्यांनी पाहिले असेल’ किंवा ‘वरचे पाहतीलच’ या भरवशावर आकड्यांकडे कुणीच पाहत नाही. हातांची संख्या वाढली की जबाबदारी पातळ होते, हे मी वर्षानुवर्षे मसुदे वाचताना पाहत आलो आहे.

हुद्द्याऐवजी प्रश्नाप्रमाणे तपासणी लावली तर चित्र पालटते. विषयतज्ज्ञाला एकच विचारायचे की यात चूक काय आहे. भाषा कशी वाटली, हे त्याला विचारूच नये. वकिलाला विचारायचे की यातले कोणते वाक्य कायद्याने अडचणीचे आहे आणि ते कसे लिहिले तर चालेल. नुसते ‘काढून टाका’ हे उत्तर स्वीकारायचे नाही, कारण काढून टाकलेल्या वाक्यातच अनेकदा वाचकाला हवी ती माहिती असते. मग भाषा. हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण आधी वाक्ये घासूनपुसून घेतली आणि नंतर वकिलाने ती कापली तर दोघांचीही मेहनत वाया जाते, आणि शिवाय घासलेल्या वाक्याचा मोह सुटत नाही. ॲमेझॉनमध्ये २००४ पासून वरिष्ठांच्या बैठकांत स्लाइडऐवजी सहा पानांचे टिपण असते आणि बैठकीच्या सुरुवातीला सगळे जण ते शांतपणे वाचतात. महत्त्वाच्या लेखासाठी हे कुणीही करू शकते. एका खोलीत बसून वीस मिनिटे सगळ्यांनी वाचले की आठवडाभराच्या शेरेबाजीची गरज उरत नाही.

याशिवाय एक वाचन असे हवे की जे आज जवळजवळ कुठेच नसते. लेखाचा परिणाम ज्याच्यावर होणार आहे, त्या माणसाचे वाचन. डिलिव्हरीच्या धोरणाबद्दल लिहिले असेल तर डिलिव्हरी करणाऱ्या दोघांनी, विम्याच्या अटींबद्दल असेल तर नुकताच दावा नाकारला गेलेल्या ग्राहकाने ते वाचावे. त्यांना फाइलची लिंक पाठवून भागणार नाही. मजकूर वाचून दाखवावा आणि ते काय विचारतात ते लिहून घ्यावे. गुरुग्रामच्या काचेच्या इमारतींत ही माणसे दिवसातून दहा वेळा खालच्या फाटकापर्यंत येतात. त्यांना वर बोलवायला दहा मिनिटे लागतात.

कायद्याने या कामात काही मुदती घालून दिल्या आहेत आणि त्या माहीत नसल्याने अनेक चांगल्या पद्धती कोसळतात. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने भावावर परिणाम करू शकणारी माहिती आधी बाजाराला कळवावी लागते. स्वतःच्या संकेतस्थळावर ती आधी झळकली तर प्रकरण अंगाशी येते. सेबीने २०२३ मध्ये मुदती आवळल्या. संचालक मंडळाच्या बैठकीतल्या निर्णयांसाठी ३० मिनिटे, कंपनीच्या आत घडलेल्या घटनेसाठी १२ तास आणि बाहेरून आलेल्या घटनेसाठी २४ तास. बैठक बाजार बंद झाल्यावर संपली तर पुढे ३ तासांची सवलत मिळाली. अशी माहिती मसुद्यात असेल तर तो मसुदा कोणाकोणाला दाखवला याची पॅन क्रमांकासह नोंद ठेवावी लागते. म्हणजे ‘लिंक असलेला कुणीही पाहू शकेल’ अशी उघडी फाइल हा इथे निव्वळ गबाळेपणा राहत नाही, तो नियमभंगाच्या दारात नेतो. याच नियमांनी माहिती प्रसृत करण्यासाठी एक वरिष्ठ अधिकारी नेमायला सांगितले आहे. गुंतवणूकदाराला माहिती देण्यासाठी कायद्याने एक माणूस मागितला, ग्राहकासाठी लिहिलेल्या मजकुराला मात्र मागितला नाही.

विदागळतीची गोष्ट आणखी तातडीची. लोधी रोडच्या सीजीओ कॉम्प्लेक्समधल्या सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सायबर घटना ६ तासांत कळवणे बंधनकारक केले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक विदा संरक्षणाच्या नियमांनुसार गळती झाली की ज्यांची माहिती गेली त्यांना विलंब न लावता, थोडक्यात आणि साध्या भाषेत कळवावे लागेल. ही तरतूद अधिसूचनेपासून १८ महिन्यांनी लागू व्हायची आहे. साधी भाषा हीच कायद्याची अट झाली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आठ जणांच्या मंजुरीसाठी आठवडाभर फिरणारी रीत या सहा तासांपुढे निरुपयोगी आहे. म्हणून वाटा दोन हव्यात. नेहमीच्या लेखासाठी लांबची आणि संकटातल्या निवेदनासाठी आखूड. आखूड वाटेवर कोण लिहिणार, कोण तपासणार, रात्री दोन वाजता कोणाचा फोन लागणार, हे संकट येण्याआधी ठरलेले असावे.

झोमॅटोच्याच मे २०१७ च्या प्रसंगातून या आखूड वाटेचे दोन्ही पदर दिसतात. सुमारे १ कोटी ७० लाख वापरकर्त्यांच्या नोंदी चोरीला गेल्याचे कंपनीने स्वतः जाहीर केले. पहिल्या निवेदनात पासवर्ड सुरक्षित असल्याचा जो दिलासा दिला होता, त्यावर सुरक्षा क्षेत्रातल्या जाणकारांनी आक्षेप घेतले. नंतरच्या पुरवणीत ६६ लाख जणांचे सांकेतिक पासवर्ड गळलेल्या माहितीत असल्याचे सांगितले गेले. काही दिवसांनी कंपनीने घटनाक्रम उलगडला. एका डेव्हलपरने दुसऱ्या एका सेवेसाठी वापरलेला पासवर्ड त्या सेवेच्या २०१५ च्या गळतीत उघड झाला होता, तोच पासवर्ड कोड साठवण्याच्या गिटहब या सेवेवर होता, आणि तिथून चोर कंपनीच्या कोडपर्यंत पोहोचला. हे शेवटचे निवेदन मला भारतीय कंपन्यांच्या लेखनातले एक प्रामाणिक पान वाटते. पहिल्या निवेदनात मात्र जे अजून तपासायचे होते ते ठामपणे लिहिले गेले. पहिल्या निवेदनाने फक्त तीन गोष्टी सांगाव्यात: आम्हाला आत्ता काय माहीत आहे, तुम्ही आत्ता काय करावे, आणि पुढचे निवेदन किती वाजता येईल. धीर देणारे विशेषण तिथे नसावे.

जगात त्याच वर्षी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीने वेगळे टोक गाठले. ३१ जानेवारी २०१७ रोजी त्यांच्या एका इंजिनिअरकडून मुख्य विदासंचच पुसला गेला, सुमारे सहा तासांची माहिती कायमची गेली आणि पाच प्रकारच्या बॅकअपपैकी एकही नीट चालत नसल्याचे उघडे पडले. कंपनीने दुरुस्तीची टिपणे काम चालू असतानाच सर्वांना वाचायला खुली केली आणि नंतर सविस्तर अहवाल लिहिला. त्या अहवालात इंजिनिअरला दोष दिलेला नव्हता. दोष व्यवस्थेचा होता आणि तसाच तो मांडला गेला. लेख कसा लिहावा, कोणी तपासावा हेही ही कंपनी आपल्या कार्यपुस्तिकेत जगासमोर ठेवते. आपल्याकडच्या एखाद्या कंपनीने तेवढे जरी केले तरी फरक पडेल.

आणि आता संपादक. मराठी मासिकाच्या किंवा दैनिकाच्या शेवटच्या पानावर तळाशी बारीक टायपात एक ओळ असते: हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले, संपादक अमुक. ही ओळ शिष्टाचाराची नाही. १८६७ च्या कायद्याने मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव छापणे बंधनकारक केले होते, आणि वर्तमानपत्रावर संपादकाचे नाव येऊ लागल्यावर कायदा मजकुराबद्दल त्यालाच जबाबदार धरू लागला. आता त्या कायद्याची जागा २०२३ च्या नियतकालिक नोंदणी कायद्याने घेतली आहे. तो १ मार्च २०२४ पासून लागू झाला आणि त्याचे महानिबंधक कार्यालयही सीजीओ कॉम्प्लेक्समध्येच आहे.

त्या नावाचे मोल मराठी पत्रकारितेने फार पूर्वीच चुकते केले. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ सुरू होऊन वर्षही धड झाले नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींच्या छळाबद्दल कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर त्यांनी कडक लेख लिहिले. आधाराला बर्व्यांची म्हणून मिळालेली पत्रे होती. खटल्यात ती पत्रे बनावट ठरली. माफी मागूनही उपयोग झाला नाही. जुलै १८८२ मध्ये ‘केसरी’चे संपादक आगरकर आणि ‘मराठा’चे संपादक टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली आणि १०१ दिवसांनी ते डोंगरीच्या तुरुंगातून सुटले. त्यांचा हेतू शुद्ध होता, कळकळ खरी होती. चूक होती ती हाती आलेला कागद खरा आहे की नाही हे न तपासण्याची. आणि ती त्यांनी कोणत्याही मंडळामागे लपवली नाही, कारण लपवण्याजोगी जागाच नव्हती. संपादक म्हणून जबाबदारी त्यांच्याच नावावर होती.

कंपनीच्या लेखाखाली काय असते? ‘टीम अमुक’. किंवा ज्याने तो लिहिलेलाच नाही त्या संस्थापकाचे नाव. उत्तरदायी कोण, हे वाचकाला कळत नाहीच, कंपनीलाही अनेकदा कळत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की प्रत्येक लेखाला एक नावानिशी संपादक असावा आणि त्याला तीन अधिकार असावेत. तथ्यपत्रक अपुरे असेल तर लेख थांबवण्याचा, तपासणीतल्या परस्परविरोधी सूचनांतून निवड करण्याचा, आणि चूक आढळल्यास कुणाच्याही परवानगीविना दुरुस्ती छापण्याचा. यात पहिला अधिकार सगळ्यांत अवघड, कारण थांबवायचे ते अनेकदा मालकालाच असते. मालकाने हा अधिकार लेखी दिला नाही तर पद शोभेचे ठरते. संस्थापकाच्या पत्रांनाही हाच नियम लागावा. त्यांनाच तो जास्त लागावा, कारण तीच जास्त वाचली जातात.

मसुदा आता यंत्राकडून करून घेण्याची चाल पडली आहे, त्यामुळे या पदाची निकड वाढली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये डेलॉइटच्या ऑस्ट्रेलियातल्या कंपनीला सरकारसाठी केलेल्या अहवालाचे काही पैसे परत करावे लागले. सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या त्या कामात अस्तित्वात नसलेले संदर्भ आणि न्यायालयाच्या निकालातले बनावट अवतरण निघाले. अहवाल नामांकित कंपनीच्या सगळ्या पायऱ्या चढून बाहेर पडला होता. कॅनडातल्या एका न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एअर कॅनडाला सांगितले की संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने प्रवाशाला चुकीची माहिती दिली तर ती कंपनीनेच दिली असे धरले जाईल. यंत्राने मसुदा करण्याला माझी हरकत नाही. पण यंत्राचा मसुदा सफाईदार असतो आणि सफाईदार मजकुरात तपासणाऱ्याची नजर घसरते. म्हणून तथ्यपत्रक माणसाने, मसुद्याच्या आधी आणि यंत्राच्या मदतीशिवाय केलेले असावे. ते नंतर मसुद्यावरून बनवले तर त्याचा काही उपयोग नाही.

मराठी मजकुराचे दुखणे याच रांगेतले आहे. नोएडात इंग्रजी लेख पंधरा दिवस घोळतो, मंजूर होतो, आणि प्रसिद्धीच्या आदल्या संध्याकाळी हिंदीसोबत मराठी, तमिळ, बंगाली ‘करून घ्या’ म्हणून पाठवला जातो. इंग्रजीला पाच वाचक मिळतात, मराठीला एकही नाही. यंत्राने किंवा घाईतल्या अनुवादकाने केलेले थेट चढते. परताव्याची अट किंवा विम्यातला अपवाद मराठीत उलटा झाला तर तक्रार येईपर्यंत कळत नाही, आणि तक्रार करणारा तर इंग्रजी मजकूर वाचतच नाही. मराठी वाचक दिल्लीत मिळत नाहीत, ही सबब चालणार नाही. पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आणि नूतन मराठी विद्यालय आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तारा भवाळकर यांच्या अध्यक्षतेखालचे ९८ वे साहित्य संमेलन तालकटोरा स्टेडियममध्ये भरले. मसुद्याच्या टप्प्यावरच मराठी लिहिणाऱ्याला बोलावले, तथ्यपत्रक त्याच्या हाती दिले आणि त्यावरून त्याने मराठी लेख लिहिला, तर इंग्रजी लेखातल्या संदिग्ध जागाही त्याच वेळी सापडतात. वेळ इंग्रजीइतकाच द्यावा लागेल, पैसेही.

प्रकाशनाच्या दिवसाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. फोनवर उघडून वाचणे, दुवे चालतात का पाहणे, चित्राखाली वर्णन देणे, तारीख आणि नाव घालणे, शुक्रवारी संध्याकाळी न टाकणे, कारण काही बिघडले तर सोमवारपर्यंत कुणी भेटत नाही. खरे काम नंतरचे आहे आणि ते करणारे फार थोडे. चूक दुरुस्त केली तर लेखाच्या तळाशी काय बदलले आणि कधी, हे लिहिले पाहिजे. गुपचूप वाक्य बदलणे सोपे असते. पण वाचकाने आधीच्या मजकुरावर भरवसा ठेवून पैसे भरलेले असू शकतात, आणि त्याच्याकडे जुन्या पानाचा फोटोही असतो. दुरुस्तीची ही ओळ काढण्याचा आग्रह सगळ्यांत आधी ब्रँड विभाग धरतो. संपादकाने ती ठेवावी.

मग जुने लेख. या कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पाच-सात वर्षांपूर्वीची पाने पडून असतात. त्यांतल्या फी बदललेल्या, योजना बंद झालेल्या, कायदा नवा आलेला. शोधयंत्र ती पाने आजही वर आणते आणि सांगलीतला कुणीतरी त्या फीप्रमाणे हिशेब मांडतो. प्रत्येक लेखाच्या नोंदीत पुढच्या तपासणीची तारीख हवी. पैसे, आरोग्य आणि कायदा यांबद्दलच्या पानांना सहा महिन्यांची, बाकीच्यांना वर्षाची मुदत पुरेल. तारीख उलटली आणि कुणी पाहिले नाही, तर पानाच्या माथ्यावर ‘ही माहिती अमुक तारखेनंतर तपासलेली नाही’ अशी पट्टी आपोआप यावी. गुरुग्राममध्ये माणसे दोन-दोन वर्षांत नोकरी बदलतात, त्यामुळे ही नोंद एखाद्याच्या डोक्यात किंवा त्याच्या मेलमध्ये ठेवून चालत नाही. ज्याच्या नावावर लेख आहेत तो संपादक कंपनी सोडताना लॅपटॉप आणि ओळखपत्र जमा करतो, त्याच दिवशी त्याच्या नावावरचे सगळे लेख यादी करून, वाचून, दुसऱ्याच्या नावावर रीतसर चढवून घ्यावेत आणि दोघांच्या सह्या व्हाव्यात.